जवसाचं तेल रोज सकाळी प्यावं का, आणि माशाच्या तेलाची कॅप्सूल सोडून चालेल का?

पत्र जरा लांब होतं, थोडं कमी करून देतेय.

"नमस्कार मॅडम. मी पिंपरीत राहते, वय ४६. माझे मिस्टर ५२ वर्षांचे, पूर्ण शाकाहारी. मागच्या रिपोर्टमध्ये त्यांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३१० आले म्हणून डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची एक गोळी आणि ओमेगा-३ ची कॅप्सूल लिहून दिली. कॅप्सूल माशाच्या तेलाची आहे हे कळल्यावर त्यांनी ती बंदच केली. तेवढ्यात त्यांच्या ग्रुपवर मेसेज आला की जवसाच्या तेलात माशापेक्षा कितीतरी जास्त ओमेगा-३ असतं. झालं, आता रोज सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे जवसाचं तेल पितात आणि म्हणतात की पुढच्या महिन्यापासून गोळीही सोडतो. माझ्या सासूबाई भंडारा जिल्ह्यातल्या, त्यांच्याकडे हे तेल पूर्वीपासून खाण्यात आहे. त्यांनी होळीच्या सुमारास घाण्यावरून काढून पाच लिटरचा कॅन पाठवला, तो मी ओट्याखाली ठेवलाय, गॅसच्या बाजूलाच. त्यात फोडणी दिली, एकदा भजीही तळली, पण धूर फार होतो आणि डोळे चुरचुरतात. आता तर तेलाला ऑइलपेंटसारखा वास येतोय. मिस्टर म्हणतात अस्सल तेलाला असाच वास असतो. मुलगा क्रिकेट खेळतो, त्याच्याकडे बॅटला लावायची जवसाच्या तेलाची बाटली आहे, ती स्वस्त मिळते, तर तीच खायला का आणू नये असं तो विचारतो. सासूबाईंना दुखवायचं नाहीये. काय करू?"

ताई, तातडीच्या दोन गोष्टी आधी सांगते, मग सावकाश तेलाकडे वळू.

पहिली, कोलेस्टेरॉलची गोळी बंद होऊ देऊ नका. ती गोळी एक काम करते, तेल वेगळं काम करतं, आणि तेलाने गोळीचं काम होत नाही. काही त्रास होत असेल, पाय दुखत असतील, तर ते डॉक्टरांना सांगायचं, ते डोस बदलतील किंवा दुसरी गोळी देतील, पण स्वतःच्या मनाने सोडायची नाही. दुसरी, बॅटची बाटली स्वयंपाकघरात अजिबात आणू नका. बॅटला, लाकडाला, दारांना लावायचं जवसाचं तेल खाण्यासाठी बनवलेलंच नसतं, ते ज्या टाकीत ठेवतात, ज्या मशीनमधून येतं, त्याला खाण्याच्या तेलाचे नियम लागू नसतात. आणि हार्डवेअरच्या दुकानात जे 'बॉइल्ड' म्हणून मिळतं त्यात तर ते लवकर वाळावं म्हणून कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घातलेले असतात. मुलाला हे नीट समजावून सांगा, त्याचा प्रश्न चुकीचा नाहीये, बिया त्याच झाडाच्या आहेत, पण बाटलीत पुढे काय काय झालंय ते वेगळं आहे. खायचं तेल घेताना बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नंबर बघायचा, आपल्याकडे जवसाचं तेल खाद्यतेल म्हणून कायद्यात रीतसर आहे, त्याचे वेगळे निकष ठरवलेले आहेत.

आता वासाचं. मिस्टरांना सांगा की अस्सल, ताज्या जवसाच्या तेलाला ऑइलपेंटचा वास येत नाही. ताज्या तेलाचा रंग सोनेरी पिवळा, वास बियांचा, किंचित कवचफळांसारखा, आणि जिभेवर अगदी हलका कडवटपणा. रंगाच्या डब्याचा, वार्निशचा किंवा माशासारखा वास यायला लागला की तेल खवट झालं. तुमचा कॅन खराब झालाय, ताई. ते तेल आता पोटात जाऊ देऊ नका, ना चमच्याने ना फोडणीतून.

आणि ते का खराब झालं हे समजलं की तुमच्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात, म्हणून इथे थोडा वेळ थांबते.

कुठलंही तेल म्हणजे मुख्यतः फॅटी अॅसिड, आणि फॅटी अॅसिड म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. या साखळीत काही ठिकाणी दुहेरी बंध असतो. शेंगदाणा तेलात जवळजवळ निम्मं ओलेइक अॅसिड असतं, त्यात असा एकच बंध. आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलेइक अॅसिड, त्यात दोन. आणि जवसाच्या तेलात निम्म्याहून थोडं जास्तच अल्फा-लिनोलेनिक अॅसिड असतं, त्याला सगळे एएलए म्हणतात, त्यात तीन दुहेरी बंध. या बंधांच्या जागी साखळी वाकते, त्यामुळे एएलए असलेलं तेल सहज गोठत नाही. शेंगदाण्याचं तेल फ्रीजमध्ये ठेवलं तर गढूळ, घट्ट होतं, जवसाचं तेल तिथेही पाण्यासारखं वाहतं, घरी करून बघा. पण हवेतला ऑक्सिजन हल्ला करतो तोही नेमका याच बंधांपाशी. ढोबळमानाने बोलायचं तर ओलेइकपेक्षा लिनोलेइक दहापट वेगाने खराब होतं आणि एएलए त्याच्याही दुप्पट वेगाने. म्हणजे ज्या एएलएसाठी आपण हे तेल घेतो तेच त्याला इतकं नाजूक करतं, ते त्यातून वेगळं काढता येत नाही.

ही नवीन माहिती नाही बरं का, चित्रकारांना शेकडो वर्षांपासून हे माहीत आहे. जवसाच्या तेलात रंग खलायचे, कॅनव्हासवर लावायचे आणि ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक पापुद्रा होतं. पाणी उडून जातं तसं ते वाळत नाही, हवेशी जुळून घट्ट होतं. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी याच गुणावर जमिनीवर अंथरायचं लिनोलियम बनवलं. बॅटलाही आपण हेच तेल लावतो, कारण ते लाकडात मुरतं आणि ओलावा आत जाऊ देत नाही. तर तुमच्या कॅनमधून जो ऑइलपेंटचा वास येतोय तो खरोखर त्याच प्रक्रियेचा वास आहे, तुमचं नाक अगदी बरोबर सांगतंय.

आता तुमच्या कॅनचं काय झालं बघा. होळीला तेल काढलं, प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरलं, प्रवासात हिंदकळलं, मग गॅसशेजारी ऊब लागली, आणि रोज झाकण उघडून थोडं थोडं काढलं की जेवढं तेल कमी होईल तेवढी आत हवा भरत गेली. एवढं सगळं सोसायला जवसाचं तेल बनलेलंच नाही. ते घ्यायचं तर पाव लिटरची गडद रंगाची काचेची बाटली, त्यावर काढल्याची तारीख, घरी आल्यापासून फ्रीजमध्ये, उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपवायची. संपणार नसेल तर घेऊच नका, खरंच.

फोडणी आणि तळण याचंही उत्तर यातच आहे. घाण्याचं, रिफाइन न केलेलं जवसाचं तेल १०५-११० अंशांच्या आसपासच धूर सोडायला लागतं. मोहरी तडतडायला याच्या कितीतरी वर तापमान लागतं आणि भजी तळायला १७०-१८०. म्हणजे तुम्ही भजी टाकायच्या आधीच तेल जळत होतं. डोळे चुरचुरतात ते त्या धुरातल्या अॅक्रोलिनसारख्या पदार्थांमुळे, आणि ते फुप्फुसांनाही चांगलं नाही. तळणाला, फोडणीला आपलं शेंगदाण्याचं तेल उत्तम आहे, त्यात कमीपणा काही नाही.

मग सासूबाईंच्या माहेरी-सासरी हे तेल इतकी वर्षं खाल्लं ते चुकीचं होतं का? मला तसं अजिबात वाटत नाही, आणि हे तुम्ही त्यांना आवर्जून सांगा. पूर्व विदर्भात जवस हे रब्बीचं घरचं पीक, भंडारा-गडचिरोलीकडे तर धान कापायच्या आधीच उभ्या धानात जवस, लाखोळी फेकून देतात आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर ते पीक येतं. निळी फुलं येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. घरात बी साठवायचं, लागेल तसं थोडं घेऊन घाण्यावर जायचं, तेल आणि ढेप, म्हणजे पेंड, दोन्ही घेऊन यायचं, ढेप जनावरांना. बी वर्षभर टिकतं, कारण कवचाच्या आत हवा पोचत नाही. तेल मात्र काढल्यावर लवकर संपवायचं. पाच लिटरचा कॅन भरून आठशे-नऊशे किलोमीटर लांब पाठवायचा हा नवा प्रकार आहे, जुन्या पद्धतीत तो नव्हताच.

आता मुख्य मुद्दा, माशाचं तेल आणि जवसाचं तेल एकच का. मेसेजमधलं वाक्य अर्धं खरं आहे म्हणूनच ते लोकांना पटतं. ग्रॅममध्ये मोजलं तर जवसाच्या तेलात ओमेगा-३ खरंच जास्त. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे साधारण १५ मिलीत, सात ग्रॅमच्या वर एएलए असतं. पण ओमेगा-३ हे कुटुंबाचं नाव आहे, त्यात वेगवेगळी मंडळी आहेत. जवसात एएलए, १८ कार्बनची साखळी. माशाच्या तेलात ईपीए आणि डीएचए, २० आणि २२ कार्बनच्या साखळ्या, आणि ट्रायग्लिसराइड उतरवण्याचं काम औषधाच्या डोसमध्ये हे दोघं करतात. आपलं शरीर एएलएपासून ईपीए बनवू शकतं, पण फार थोडं. पुरुषांमध्ये साधारण ५ ते ८ टक्के, आणि डीएचए तर नगण्यच. तरुण बायकांमध्ये इस्ट्रोजेनमुळे हे प्रमाण जास्त असतं, तुमचे मिस्टर मात्र त्यात बसत नाहीत. त्यात आणखी एक अडचण अशी की हे रूपांतर ज्या एन्झाइममुळे होतं तेच एन्झाइम सूर्यफूल, करडई, सोयाबीनच्या तेलातल्या लिनोलेइक अॅसिडवरही काम करतं, त्यामुळे घरात ती तेलं भरपूर वापरात असतील तर एएलएच्या वाट्याला एन्झाइम कमीच येतं. जवसाचं तेल वाढवण्यापेक्षा रोजचं तळण कमी केलं तर त्या ईपीएलाही मदत होते.

म्हणून उत्तर असं: ट्रायग्लिसराइडसाठी दिलेल्या कॅप्सूलच्या जागी जवसाचं तेल चालणार नाही.

पण म्हणून मिस्टरांनी मासा गिळावा असं मी म्हणत नाहीये. शाकाहार हा त्यांचा मनापासूनचा निर्णय आहे, त्याचा मान ठेवूनच मार्ग काढायचा, आणि मार्ग आहे. माशांच्या अंगात ईपीए-डीएचए येतं कुठून, तर समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळापासून. तेच शेवाळ टाक्यांमध्ये वाढवून त्याचं तेल काढतात आणि त्याच्या कॅप्सूल आपल्याकडे केमिस्टकडेही मिळतात. घेताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे कवच, बऱ्याच कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन प्राण्यांपासून येतं, तेव्हा हिरवी खूण आणि वनस्पतिजन्य कवच असं लिहिलेलं बघून घ्या. दुसरं म्हणजे मागच्या बाजूचा बारीक मजकूर. पुढे १००० मिलीग्रॅम लिहिलेलं असतं पण माशाच्या तेलाच्या साध्या कॅप्सूलमध्येही ईपीए-डीएचए मिळून साधारण ३०० मिलीग्रॅमच असतं, आणि ट्रायग्लिसराइड उतरवायला दिवसाला २ ते ४ ग्रॅम लागतात. म्हणजे आकडे जुळवणं हे डॉक्टरांचं काम आहे. त्यांना जाऊन स्पष्ट सांगा की कॅप्सूल धर्मात किंवा मनात बसत नाही म्हणून घेतली नाही, शेवाळाची देता येईल का, किती द्यायची. पेशंट असं मोकळं बोलला की डॉक्टर दुसरा पर्याय शोधतातच, पण गुपचूप बंद केलेल्या औषधाचं ते काहीच करू शकत नाहीत आणि पुढच्या वेळी रिपोर्ट वाढलेला बघून उलट डोस वाढवतात.

रोजच्या दोन मोठ्या चमच्यांचं गणितही त्यांच्यासमोर मांडा. दोन चमचे म्हणजे जवळजवळ २५० कॅलरी, दोन पोळ्यांपेक्षा जास्त, आणि त्या नाश्त्याच्या वर. एएलए मिळालं १४-१५ ग्रॅम, गरज आहे पुरुषांना दिवसाला १.६ ग्रॅमच्या आसपास आणि बायकांना १.१. म्हणजे नऊपट. जास्त घेतलं तरी त्यातलं फार थोडंच ईपीए बनतं, उरलेलं शरीर इंधन म्हणून जाळतं नाहीतर चरबी म्हणून साठवतं. ज्याचे ट्रायग्लिसराइड वाढलेत त्याने वर २५० कॅलरी का घ्याव्यात? आणि तपासणीच्या दिवशी सकाळी तेल पिऊन रक्त दिलं तर ट्रायग्लिसराइड नक्कीच जास्त दिसेल, हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा.

हृदयाला एएलएचा फायदा आहे की नाही, यावर प्रामाणिकपणे सांगायचं तर चित्र संमिश्र आहे. फ्रान्समधल्या लियाँ शहरात १९९० च्या दशकात हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांवर एक अभ्यास झाला होता, त्यात एएलए असलेलं मार्गरीन, भाज्या, फळं, कडधान्यं असा पूर्ण आहार बदलला आणि पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण खूप कमी झालं. पण आहारच सगळा बदलला होता, श्रेय एकट्या एएलएला कसं देणार. पुढे नेदरलँड्समध्ये अल्फा ओमेगा ट्रायल झाली, निष्कर्ष २०१० साली आले, ४८३७ हृदयरुग्ण, त्यांना मार्गरीनमधून रोज सुमारे २ ग्रॅम एएलए दिलं, काहींना ईपीए-डीएचए दिलं, पण मोठ्या हृदयविकाराच्या घटना त्याने लक्षणीय कमी झाल्या नाहीत. म्हणजे एएलए शरीराला आवश्यक आहे, शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, ते आहारातून यायलाच हवं, एवढं पक्कं. चमच्याने पिऊन हृदय सुरक्षित होतं, हे मात्र कुणी दाखवलेलं नाही.

आणि इथेच मला तुम्हाला जवसाच्या तेलाकडून जवसाकडे न्यायचंय. तेल काढलं की बियांमधला चोथा, म्हणजे फायबर, आणि लिग्नन नावाचे पदार्थ बहुतेक सगळे ढेपेत जातात. आपण तेल पितो आणि चांगलं ते गाईला घालतो. कॅनडात विनिपेगला पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस सहा महिने दिलं तर वरचं ब्लड प्रेशर दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० ने कमी होतं. हे दळलेल्या बियांनी झालं, तेलाने नाही. कोलेस्टेरॉलचंही तसंच, वेगवेगळे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा सबंध जवसाने ते थोडं उतरलेलं दिसलं, तेलाने दिसलं नाही. तुमच्या घरातल्या अडचणीला बी हे तेलापेक्षा सगळ्या बाजूंनी बरं उत्तर आहे: टिकतं, स्वस्त, फायबर देतं, आणि एका मोठ्या चमच्यात दीड-दोन ग्रॅम एएलए, म्हणजे दिवसाची गरज भागते.

फक्त एक, अख्खे गिळू नका. कवच इतकं गुळगुळीत आणि कडक की न चावलेली बी जशीच्या तशी बाहेर पडते. दळूनच खायचं. आणि दळण्याचा सगळ्यात चांगला प्रकार आपल्याकडे आधीपासून आहे, जवसाची चटणी. मंद आचेवर जवस कोरडं भाजा, तडतडायला लागलं आणि खमंग वास आला की लगेच उतरवा, काळं होऊ देऊ नका. बीच्या आत तेल सुरक्षित असतं त्यामुळे एवढ्या भाजण्याने एएलए फारसं कमी होत नाही, उलट कच्च्या जवसात सायनाइड सोडणारे जे घटक थोड्या प्रमाणात असतात ते भाजल्याने कमी होतात. मग लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ, हवं तर थोडं सुकं खोबरं घालून जाडसर वाटा. एका वेळी आठ-दहा दिवस पुरेल एवढीच करायची आणि डबा फ्रीजमध्ये, कारण दळलं की हवेचा हल्ला सुरू होतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर, वरणभातावर, दह्यात कालवून, कशीही. दिवसाला एक ते दोन मोठे चमचे पुरेत, त्यापेक्षा जास्त नको. पाणी नीट प्या, नाहीतर या फायबरमुळे पोट गच्च होतं. आणि गोळ्या घ्यायची वेळ आणि चटणी यात तास-दोन तासांचं अंतर ठेवा, जवसाचा चिकटपणा औषध शोषायला आड येऊ शकतो. मिस्टर रक्त पातळ करायची काही गोळी घेत असतील तर जवस रोज सुरू करतोय हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

तेल अगदी आवडतंच असेल तर ते कच्चं घ्यायचं. आपण चटणीवर कच्चं तेल घालून भाकरी खातो ना, बस तसंच, ताज्या बाटलीतलं एक छोटा चमचा तेल जवसाच्या किंवा लसणाच्या चटणीवर, किंवा गॅस बंद करून वाढून झालेल्या भाजीवर. त्यात मी कुणाला अडवणार नाही, चवीला फार छान लागतं.

थोडं विषयांतर होईल पण सांगून टाकते, हिवाळ्यात अळिवाचे लाडू करत असाल तर अळिवाच्या तेलातही सुमारे एक तृतीयांश एएलए असतं, आणि मोहरीच्या तेलात दहा टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे सगळा भार एकट्या जवसावर टाकायची गरज नाही. लाडवातला गूळ-तूप मात्र मिस्टरांसाठी मोजून.

ट्रायग्लिसराइड ३१० वर मला तेलापेक्षा दुसरे प्रश्न विचारायचेत. चहा दिवसातून किती वेळा, साखर किती, बरोबर बिस्किटं किती? दारू घेतात का, आठवड्यातून एकदाच असली तरी? रात्रीचं जेवण किती वाजता आणि ताटात भात केवढा? पोट सुटलंय का? ट्रायग्लिसराइड ही चरबी असली तरी ती लिव्हरमध्ये बऱ्याच अंशी जास्तीच्या साखरेपासून, मैद्यापासून आणि दारूपासून तयार होते. साखर आणि दारू बंद आणि रोज पाऊण तास भरभर चालणं, एवढ्याने कित्येकांचा आकडा चांगला उतरतो. शिवाय शुगर आणि थायरॉइड तपासून झालंय का तेही विचारा, या दोन्ही गोष्टींमुळे ट्रायग्लिसराइड वाढतं आणि ते न बघता नुसतं तेल बदलत बसलो तर मूळ कारण तसंच राहतं. १५० च्या आत नॉर्मल, २०० च्या वर जास्त, आणि ५०० च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज यायचा धोका, तिथे मग वाट बघत बसायचं नाही, सरळ डॉक्टर.

कॅनमधल्या उरलेल्या तेलाचं. मोरीत ओतू नका, पाइपात जाऊन चिकटून बसेल. मुलाला द्या, बॅटला लावेल, घरातली लाकडी खिडकी, पाट, विळीची पाटी यावर पातळ हात फिरवता येईल, पण पाट-विळी पूर्ण वाळून वास गेल्याशिवाय वापरू नका. आणि इथे एक धोका आहे जो फार लोकांना माहीत नसतो. जवसाचं तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल हवेशी जुळताना उष्णता बाहेर पडते, बोळ्याच्या आत ती कोंडून राहते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, सुतारकामाच्या जागी अशा आगी लागलेल्या आहेत. फडकं बाहेर, मोकळ्या हवेत एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. मुलालाही हे सांगून ठेवा, बॅट पुसायचं फडकं तो किट बॅगेत कोंबत असणार.

राहिल्या सासूबाई. त्यांना तेल खराब निघालं असं फोनवर सांगू नका, कारण त्यांनी पाठवलं तेव्हा ते चांगलंच होतं, पुण्याच्या उन्हाळ्यात आणि आपल्या ओट्याखाली ते बिघडलं. "आई, एवढं तेल आमच्याच्याने लवकर संपत नाही, तुम्ही जवसच पाठवा ना, मी इथे ताजी चटणी करीन, आणि तुमच्याकडे लसूण किती घालतात ते सांगा" असं म्हणा. दोन किलो बी पाठवायला सांगा, नीट वाळवलेलं, निवडलेलं. चार माणसांच्या घरात ते दोन महिने सहज जाईल, आणि हवाबंद डब्यात ठेवलं तर नाही संपलं तरी बिघडणार नाही.

आणि मिस्टरांचा लिपिड प्रोफाइल डॉक्टर म्हणतील तेव्हा, साधारण तीन महिन्यांनी, पुन्हा करा. आदल्या रात्री हलकं जेवण, १० ते १२ तास पोटात काही नाही, पाणी सोडून. जुना आणि नवा रिपोर्ट दोन्ही मला पाठवा, शुगर-थायरॉइडचे आकडे असतील तर तेही बरोबर जोडा.